मोटारीचा विमा आणि मोटारीतला माणूस

चंदीगडची उभारणी सुरू झाली ती 1952 साली. परंतु त्याच्या पूर्व कडेला असलेले मनीमाजरा हे गाव त्याहून पुष्कळ जुने आहे. एके काळी ते एका लहानशा संस्थानाचे ठाणे होते. जवळच असलेले मनसादेवीचे प्रसिद्ध मंदिर येथील राजा गोपालसिंह याने 1811 ते 1815 या काळात बांधविले. आज मनीमाजरा चंदीगडातच सामावून गेले असून सेक्टर 13 हे नवे नावही त्यास मिळाले आहे. पण आसपासच्या मोटारमालकांच्या तोंडी मनीमाजऱ्याचे नाव येते ते मुख्यत्वे तेथील मोटर मार्केटमुळे. ठोकलेला पत्रा सरळ करणारे, काच बसविणारे, रंग देणारे आणि गाडीच्या आसनांना नवी वस्त्रे चढविणारे असे नाना कारागीर तेथे एका रांगेत सापडतात. मोटार कितीही चेपली असली, तरी ती पूर्ववत करून देण्याची हिंमत या बाजारात आहे.

चेपलेली मोटार पूर्ववत होते. चेपलेला संसार पूर्ववत करणारे मोटर मार्केट मात्र कोठेही नाही. त्यासाठी जे काही करावयाचे ते अपघाताच्या आधीच करावे लागते, आणि त्याची जागा विम्याच्या अर्जातील एका लहानशा रकान्यात असते. त्या रकान्याकडे बहुसंख्य लोकांचे लक्ष जात नाही, आणि गेलेच तर ते चार पैसे वाचविण्याच्या हेतूने जाते.

एका गृहस्थाची कल्पना करावी. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भारतभर पांगली आहेत. हा गृहस्थ त्यांपैकीच एक समजावा. वय बेचाळीस, मासिक प्राप्ती चाळीस हजार, घरी वृद्ध आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली म्हणून तो एजंटाकडे जातो. एजंट कागद पुढे सरकवितो आणि विचारतो, “मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा ठेवायचा की काढायचा? दुसरीकडे असेल तर इथं सही करा, तेवढेच पैसे वाचतील.” गृहस्थ क्षणभर थांबतो. बँकेच्या खात्याबरोबर काही तरी विमा आहे असे त्याला अंधुक आठवते. तो सही करतो. मोटारीच्या पुढच्या-मागच्या बंपरपासून आरशापर्यंत सर्व काही सुरक्षित होते. केवळ सुकाणूचक्र हाती धरणारा माणूस तेवढा उघडा राहतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी मोटारविम्याची घडण पाहिली पाहिजे. आपल्या देशात 1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती 1 जुलै 1946 पासून अंमलात आली. त्या कायद्याची जागा पुढे 1988 च्या कायद्याने घेतली; परंतु मूळ कल्पना तीच राहिली. जो मोटार रस्त्यावर आणतो तो इतरांच्या जिवाला धोका निर्माण करतो. तेव्हा त्या इतरांची भरपाई त्याच्या ऐपतीवर सोडता कामा नये, ही ती कल्पना. म्हणूनच त्रयस्थाच्या मृत्यूबद्दल वा दुखापतीबद्दल विमा कंपनीवर येणाऱ्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम द्यावी लागते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 1000 ते 1500 घनसेंटीमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीसाठी या सक्तीच्या विम्याचा वार्षिक हप्ता 3,416 रुपये ठरविण्यात आला होता. एवढ्या रकमेत रस्त्यावरील अनोळखी माणसाच्या संसाराची हमी घेतली जाते, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु त्रयस्थ या शब्दातच मर्म आहे. करार मालक आणि कंपनी या दोघांमधला. या दोघांखेरीज जो तिसरा तो त्रयस्थ. मालक स्वतः आपल्याच विम्यापुरता त्रयस्थ होऊ शकत नाही. त्याची मोटार धुक्यात झाडावर आदळली, किंवा आडव्या आलेल्या जनावराला चुकविताना उलटली, तर त्याच्या वारसांनी भरपाई कोणाकडे मागावी? दुसरे वाहन नाही, दुसऱ्याचा दोष नाही, म्हणून दुसऱ्याची विमा कंपनीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या एका निर्णयातून हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट झाली. स्वतःच्या बेदरकार वाहन चालविण्यामुळे मृत्यू पावलेल्या चालकाच्या कुटुंबीयांना विमा कंपनीकडून भरपाई मिळू शकली नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी 2002 च्या भारतीय मोटार दरपत्रकाने मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा केला. पण त्याची रक्कम मोटारीसाठी अवघी 2 लाख आणि दुचाकीसाठी 1 लाख रुपये होती. वर्षे लोटली, महागाई वाढली, रक्कम मात्र तेथेच राहिली. 2017 साली मद्रास उच्च न्यायालयाने या अपुरेपणाची दखल घेऊन ती 15 लाखांपर्यंत वाढविण्याचा आदेश दिला, आणि त्यानुसार विमा नियामकाने सप्टेंबर 2018 मध्ये किमान रक्कम 15 लाख करून वार्षिक हप्ता 750 रुपये ठरविला. पुढे 1 जानेवारी 2019 पासून हे संरक्षण मोटारीच्या विमापत्रापासून वेगळे घेण्याची मुभा मिळाली, आणि हप्ताही कंपनीपरत्वे बदलू लागला. ज्याच्याकडे किमान 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच आहे, त्याला पुन्हा तो घ्यावा लागत नाही; ज्याच्याकडे दोन-तीन वाहने आहेत, त्यालाही एकच पुरतो. सवलत योग्यच आहे. पण एजंटापुढे केलेली ती सही म्हणजे “माझ्याकडे असा विमा आहे” असे लेखी निवेदन असते, हे विसरून चालत नाही. बँकेच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना उपयुक्त खरी; परंतु तिची कमाल रक्कम 2 लाख आहे. तिच्या आधारावर 15 लाखांचे निवेदन करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

आता हे 15 लाख कशाकशासाठी मिळतात ते पाहावे. अपघाती मृत्यू आल्यास पूर्ण रक्कम. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गमावल्यास पूर्ण. एक अवयव व एक डोळा गेल्यासही पूर्ण. केवळ एक हात, एक पाय अथवा एक डोळा गेल्यास निम्मी. आणि अन्य दुखापतीमुळे कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण. दुखापतीपासून सहा महिन्यांच्या आत हा परिणाम घडलेला असावा लागतो. मद्याच्या अंमलाखाली गाडी चालविल्यास काहीच मिळत नाही. चालविण्याचा वैध परवाना नसल्यासही काही मिळत नाही. परवान्याची मुदत संपलेली आहे हे कित्येकांच्या ध्यानातही नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, पाय मोडून चार महिने अंथरुणाला खिळलेल्या, पण नंतर बऱ्या झालेल्या माणसाला या विम्यातून एक पैसाही मिळत नाही. इस्पितळाचे बिल नाही, बुडालेला रोजगारही नाही.

याहून अधिक नडणारी एक अट आहे. हा विमा नोंदणीकृत मालकाचा आहे, मोटार चालविणाऱ्या कोणाचाही नव्हे. पुष्कळ घरांत मोटार पत्नीच्या नावावर असते आणि चालवितो पती. कोठे ती वडिलांच्या नावावर असते आणि चालवितो मुलगा. अशा वेळी अपघातात चालविणारा गेला, तर मालक-चालकाचा विमा लागू होत नाही, कारण तो मालक नव्हता. आणि त्रयस्थाचा विमाही लागू होत नाही, कारण मालकाची मोटार मागून घेणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निंगम्मा खटल्यात सांगितले आहे. दोन्ही दारे एकाच वेळी बंद होतात. हप्ता नियमित भरला, कागद सर्व शाबूत, आणि तरीही हाती शून्य! ज्या घरांत मोटार एकाच्या नावावर असून दुसरा चालवितो, त्यांनी चालविणाऱ्याच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेणे हाच सरळ मार्ग होय.

मोटारीत बरोबर बसणाऱ्यांचे काय, हाही प्रश्न उरतोच. केवळ कायद्यापुरते, म्हणजे फक्त त्रयस्थ पक्षाचे विमापत्र घेतले असेल, तर खासगी मोटारीत भाडे न देता बसलेल्या आप्तमित्रांचे दायित्व त्यात सामान्यतः येत नाही. सर्वसमावेशक विमापत्रात ते येते, असे विमा नियामकाने 2009 साली स्पष्ट केले आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तो भेद मान्य केला. याशिवाय प्रवाशांसाठी ठरावीक रकमेचा वैयक्तिक अपघात विमा जोडून घेता येतो. जुन्या दरपत्रकात त्याची कमाल मर्यादा माणशी 2 लाख होती. तेव्हा मोटार जुनी झाली, तिची किंमत उतरली, आता सर्वसमावेशक विमा कशाला, असा विचार करणाऱ्याने आसनावर बसणारी माणसे जुनी झाली म्हणून त्यांची किंमत उतरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. 15 लाख पुरेसे आहेत काय? आणि नसतील तर किती असावेत? याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. माणसाच्या जाण्याने कुटुंबाचे जे आर्थिक नुकसान होते ते मोजण्याची एक रीत आपल्या न्यायालयांनीच घालून दिली आहे. 2009 चा सरला वर्मा खटला आणि 2017 मध्ये घटनापीठाने निकालात काढलेला प्रणय सेठी खटला यांवरून ती रीत स्थिर झाली. तीच आपल्या कल्पित गृहस्थाला लावून पाहावी.

त्याची वार्षिक प्राप्ती 4 लाख 80 हजार. तो स्वतंत्र व्यावसायिक असून वय चाळीस ते पन्नासच्या दरम्यान आहे. म्हणून भावी वाढीपोटी शेकडा 25 मिळवावयाचे. रक्कम झाली 6 लाख. अवलंबून असणारी माणसे चार. त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करावयाचा. उरले 4 लाख 50 हजार. वय एक्केचाळीस ते पंचेचाळीस असता गुणक 14. गुणाकार येतो 63 लाख. अन्य किरकोळ बाबी वेगळ्या. अर्थात दुसऱ्या वाहनाच्या संपूर्ण दोषामुळे हा गृहस्थ मृत्यू पावला, तर त्याच्या कुटुंबाला सुमारे 63 लाख रुपये मिळण्याचा हक्क आहे. त्याच रात्री, त्याच रस्त्यावर, तोच गृहस्थ क्षणभर डोळा लागल्यामुळे दुभाजकावर आदळून गेला, तर सक्तीच्या विम्यातून मिळतात 15 लाख. आणि वाचविलेल्या काही शे रुपयांपायी तो विमाच नसेल, तर काहीच नाही. घरातील दुःख दोन्ही प्रसंगी सारखेच, मुलांच्या शाळेची फी सारखीच, आईचे औषधही तेच. फरक पडतो तो केवळ दोष कोणाचा या एका मुद्द्यामुळे.

15 लाखांची रक्कम वरकरणी मोठी दिसते. ती शेकडा सात व्याजाने ठेवली तर वर्षाला 1 लाख 5 हजार, म्हणजे महिन्याला 8 हजार 750 रुपये येतात. ज्या घरात कालपर्यंत महिना 30 हजार खर्च होत होते, ते घर त्यात कसे चालावे? सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण अशा घरांनीच खरी करून दाखविली आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, आणि ती बोलण्यास कठीण आहे. कुटुंबाच्या हिशेबात मृत्यूपेक्षा कायमचे अपंगत्व अधिक महाग असते. माणूस गेला तर त्याचा स्वतःचा खर्च थांबतो. अंथरुणाला खिळला तर तो वाढतो. वरच्या उदाहरणातील एक चतुर्थांश वजावट मग करता येत नाही. भावी वाढ सोडून दिली तरी 4 लाख 80 हजारांना 14 ने गुणिले असता 67 लाख 20 हजार होतात, आणि सेवेकऱ्याचा पगार, औषधोपचार, चाकांची खुर्ची यांचा खर्च त्यावर वेगळा. बहुतेक माणसे विमा घेताना मरणाचा विचार करतात. अर्धवट जगण्याचा विचार कोणी करीत नाही.

यावरून निवडीची रीत आपोआप सुचते. प्रथम घराला महिन्याला किती लागतात ते काढावे आणि ते किती वर्षे लागतील ते पाहावे. त्यातून आजची शिल्लक, भविष्यनिर्वाह निधी आणि चालू असलेला आयुर्विमा वजा करावा. उरेल ती उणीव. मृत्यूपुरती ही उणीव भरून काढण्यास मुदतीचा साधा आयुर्विमा अधिक योग्य. कारण तो अपघात आणि आजार असा भेद करीत नाही. अपंगत्वाची उणीव मात्र वैयक्तिक अपघात विम्यानेच भरावी लागते, आणि तेथे 15 लाखांच्या सक्तीच्या विम्यावर न थांबता स्वतंत्र विमापत्र घ्यावे. अशा विमापत्रांत अंशतः अपंगत्वाचे कोष्टक असते आणि कित्येकांत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळण्याची सोय असते. हाताच्या कसबावर पोट भरणाऱ्या माणसाला अंगठा गमावणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. हा विमा मोटारीपुरता मर्यादित नसतो. रेल्वेतून उतरताना किंवा घराच्या जिन्यावरून पडल्यासही तो उपयोगी पडतो. कंपनी प्राप्तीच्या प्रमाणातच रक्कम देते आणि धंद्याच्या स्वरूपानुसार दर लावते. म्हणून धंदा व उत्पन्न खरे सांगावे. मालकाने कामगारांसाठी काढलेला सामूहिक विमा असेल, तर नोकरी सुटताच तोही सुटतो, हे गृहीत धरावे.

इस्पितळाच्या खर्चाचा भाग अगदी वेगळा. त्याबाबतीत चंदीगडचे नाव विशेष घ्यावे लागते. अपघातग्रस्तांवर विनारोकड उपचार करण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेचा पहिला प्रयोग 14 मार्च 2024 रोजी चंदीगडातच सुरू झाला, आणि मे 2025 मध्ये ही योजना देशभरासाठी अधिसूचित झाली. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कोणाही व्यक्तीस अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळावेत, असा तिचा आशय आहे. चालकाचा दोष होता की नव्हता हे येथे आड येत नाही. पहिल्या तासाचे मोल जाणणारी ही योजना मोठा आधार आहे. तथापि आठव्या दिवसापासूनचा खर्च घराचा; आणि हाडे सात दिवसांत जुळत नाहीत. आरोग्यविमा यासाठीच हवा.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नव्हे. न्यूझीलंडने 1974 पासून दोष कोणाचा हा विचारच बाजूला ठेवून सर्व अपघातग्रस्तांसाठी एक राष्ट्रीय व्यवस्था उभारली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1973 पासून मोटारीच्या विम्यातच आजन्म अमर्याद उपचारांची सक्ती होती. हप्ते असह्य झाल्यावर 2020 च्या जुलैपासून तेथील नागरिकांना कमी मर्यादा निवडण्याची मोकळीक देण्यात आली. एका टोकाला सर्व काही सरकारने ठरवावे, दुसऱ्या टोकाला सर्व काही माणसाने निवडावे. भारतात या दोहोंमधला मार्ग आहे: अनोळखी माणसासाठी सक्ती अमर्याद, स्वतःसाठी सक्ती 15 लाखांपुरती, आणि त्यापुढे ज्याची त्याची समज. म्हणूनच त्या समजेला एवढे महत्त्व.

2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 4 लाख 61 हजार 312 अपघात झाले आणि त्यांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मृत्यू पावली. जखमींची संख्या 4 लाख 43 हजार 366 होती. त्या सर्वांना सकाळी घराबाहेर पडताना आपण संध्याकाळी परतणार अशीच खात्री होती. अशी खात्री नसती तर कोणी घराबाहेर पडलेच नसते. ती असावी हेही बरोबरच. परंतु खात्री ही मनाची अवस्था आहे, ती तजवीज नव्हे.

चंद्रिकेपासून सागरापर्यंत कोठल्याही गावच्या मराठी माणसाला एक तारीख आठवण्याजोगी आहे. 19 जानेवारी 1956 रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची वार्ता आकाशवाणीवरून देशाला सांगितली. ज्या ध्वनिवाहिनीने विमा हा राष्ट्राच्या विचाराचा विषय आहे हे त्या दिवशी सांगितले, तिच्यावरून तो घराच्याही विचाराचा विषय आहे, एवढेच सांगणे उरते. मोटर मार्केटातून नवा रंग लावून घेतलेली मोटार बाहेर पडते तेव्हा मालक तिच्याभोवती एक फेरी मारून पाहतो. कोठे ओरखडा तर नाही ना, याची खातरजमा करतो. विम्याचे नूतनीकरण करताना त्याने तशीच एक फेरी आपल्या विमापत्राभोवती मारावी. मोटार कोणाच्या नावावर आहे, चालवितो कोण, परवान्याची मुदत केव्हापर्यंत आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे, आणि ती रक्कम घराला किती महिने पुरेल, हे पाच प्रश्न त्याने एजंटाला विचारण्यापूर्वी स्वतःला विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्याने पत्नीबरोबर बसून काढावे. कारण त्या कागदाची गरज लागलीच, तर तो उघडून वाचण्याची वेळ तिच्यावर येणार आहे.